धूर कुणाचा, ताप कुणाला?

'पृथ्वी तापते आहे, आपण सगळेच जबाबदार.' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. सगळे म्हणजे कोण, दोस्तांनो? वावराचा मालक आणि मे महिन्यात त्याच्या वावरात धसकटं वेचणारी माझी माय, दोघं एकाच ओळीत?

विज्ञान साधं आहे. कोळसा जाळला, पेट्रोल जाळलं की कार्बन डायऑक्साइड होतो. तो उन्हाला आत येऊ देतो, तापलेल्या जमिनीची धग मात्र सहजी बाहेर जाऊ देत नाही. कारखानदारीआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावर मोजायला लागले तेव्हा ३१५. आज ४२० च्या वर. आणि एकदा सोडला की त्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेतच राहतो. इथंच ग्यानबाची मेख आहे.

आमच्या यवतमाळची शकुंतला आठवा. किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीची अरुंद रुळांची गाडी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, तिथून मँचेस्टरला. तिचं १९२१ चं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच. कापूस वेचला आमच्या आज्यांनी, कोळसा जाळला त्यांच्या गिरण्यांनी, नफा त्यांचा. इंजिन १९९४ साली थांबलं. गिरण्या केव्हाच बंद पडल्या. त्या धुरातला कार्बन अजून आमच्या टिनाच्या छपरावर बसून आहे.

आता गोरा साहेब म्हणतो, भारत फार कोळसा जाळतो. आपले पुढारी उत्तर देतात: भारतीय माणसामागं वर्षाला दोनेक टन, अमेरिकनामागं चौदाच्या आसपास. खरं आहे. पण च्यायला, ही सरासरी काढताना बंगल्यातले चार एसी आणि माझ्या मायची चूल एकत्र मिळवतात आणि भागतात! गोऱ्याशी भांडताना आम्ही 'गरीब भारत'. देशात वाटणी होताना आम्ही कुणीच नाही. वणीच्या खाणीतून कोळसा निघतो, त्याचा उजेड शहरात, धूळ खाणीशेजारच्या वस्तीत. तुम्ही-आम्ही शहरात राहतो, पंख्याखाली बसून हे वाचतो, तेव्हा हेही वाचायला पाहिजे.

उष्णतेची लाट आली की सरकारी इशारा निघतो, दुपारी बाहेर पडू नका. त्या दुपारची मजुरी कोण देणार, ते त्यात नसतं. भूमिहीनाला घरी बसणं म्हणजे चूल बंद.

बाराला काम बंद, मजुरी पूर्ण, आणि ती धूरवाल्यांच्या खिशातून. एवढं मागायला मी यवतमाळच्या कलेक्टर कचेरीवर जाणार आहे. कोण येतंय?