फावडे विकणाऱ्याची गोष्ट अर्धीच का सांगता?



आपल्या वस्त्यांत हल्ली 'उद्योजक बना' शिबिरांचे पीक आले आहे. तिथे एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. कॅलिफोर्नियात सोने सापडले, खोदणारे कफल्लक राहिले, फावडी विकणारे मालामाल झाले. म्हणून तरुणांनो, कर्ज काढा आणि फावडी विका! आमचा आक्षेप गोष्टीला नाही, ती अर्धीच सांगण्याला आहे.

24 जानेवारी 1848 ला सटरच्या लाकूड-गिरणीपाशी सोने सापडले. सॅम ब्रॅनन या दुकानदाराने आधी माल भरून ठेवला आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर सोन्याची दवंडी पिटली. पण दुकानाला भांडवल लागते, भांडवलाला पत लागते. 1853 पासून तिथे बँक चालवणाऱ्या विल्यम शर्मनच्या काळात महिन्याला 3 टक्के व्याज हा चालू दर होता, म्हणजे वर्षाला 36 टक्के! फेब्रुवारी 1855 मध्ये अॅडम्स आणि कंपनीची पेढी बुडाली, तेव्हा कष्टकऱ्यांच्या ठेवीही बुडाल्या.

आता न सांगितलेला अर्धा भाग ऐका. अनेक चिनी मजूर जहाजाचे भाडे उसने घेऊन आले आणि ते मजुरीतून व्याजासह फेडत राहिले. कर्ज फिटल्याशिवाय मायदेशी परतायचे जहाज मिळू नये, अशी व्यवस्था व्यापाऱ्यांनी जहाज कंपन्यांशी केली होती. त्यावर सरकारचा परकीय खाणकामगार कर. 1850 मध्ये तो महिन्याला 20 डॉलर होता. पुढच्या वर्षी तो रद्द झाला आणि 1852 मध्ये 3 डॉलर होऊन परत आला. वसुली करणाऱ्याला त्यातच वाटा. त्याने लुबाडले तर दाद कुठे मागायची? 1854 च्या 'पीपल विरुद्ध हॉल' खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गोऱ्याविरुद्ध चिन्याची साक्ष चालणार नाही. काळ्यांची आणि मूलनिवासींची साक्ष कायद्याने आधीच बाद होती.

ज्यांची ती जमीन होती त्या मूलनिवासींचे काय? 1850 च्या कायद्याने त्यांना 'भटके' ठरवून चार महिन्यांपर्यंत सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे राबायला देता येत होते. दंड भरणारा गोरा मालक त्यांच्याकडून तो दंड कामात वसूल करी. आणि या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता!

मित्रांनो, ही वेठबिगारी ओळखीची वाटते ना? मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलणाऱ्या जोडप्याला विचारा. हिशेब मुकादमाच्या वहीत आणि हंगाम संपला तरी बाकी उरलेलीच. संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगारीला बंदी केली, 1976 मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. तरीही उचल आहेच.

उद्योगाला आमचा विरोध नाही. आपली दुकाने, आपले कारखाने उभे राहिलेच पाहिजेत. पण सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात श्रीमंत कोण होणार हे एकट्या फावड्याने ठरवले नाही. पत कोणाला, वही कोणाच्या हातात आणि साक्ष कोणाची चालते, यानेही ते ठरवले. आपल्याला कर्ज देणारे खूप भेटतील. वही तपासण्याचा आणि साक्ष देण्याचा हक्क मात्र संघटित होऊनच राखावा लागेल.

पुढच्या शिबिरात फावड्याची गोष्ट निघाली, तर उभे राहा आणि विचारा: साहेब, वसुलीची गोष्ट कधी सांगणार?