हसायचे ते कोणावर?



आम्ही खेड्यातले मास्तर. वय वर्षे सत्तेचाळीस. पण सातवीची पोरे आम्हाला विचारतात, "गुरुजी, तुमच्या लहानपणी वीज होती का?" यावरून आमची गणना कोणत्या युगात होते ते वाचकांनी ओळखावे. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला शिकविले होते की, मुलाच्या हातातली अनिष्ट वस्तू प्रेमाने काढून घ्यावी. त्याप्रमाणे गेल्या श्रावणात आम्ही सुताराच्या नातवाच्या हातातला मोबाईल प्रेमाने हिसकावून घेतला.

फोनला कुलूप नव्हते. सुताराच्या दाराला तरी कुठे असते? तेव्हा मुलांना बिघडविणारे असे यात आहे तरी काय, याची चौकशी करावी म्हणून जेवण झाल्यावर आम्ही बाजेवर आडवे झालो. चौकशी रात्री नऊ वाजता सुरू झाली व दीड वाजेपर्यंत चालली. एका प्रकरणातून दुसरे निघत गेले. शेवटी आतून आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, तुम्ही पोराचा फोन जप्त केलाय की फोनानं तुम्हाला जप्त केलंय?"

त्या फोनात काय सापडले ते पुढे सांगतो. आधी आमच्या घराण्याचा इतिहास ऐकावा, कारण हा रोग आमच्यात वंशपरंपरेचा आहे.

आमचे पणजोबा तमाशाचे वेडे. त्या काळी पठ्ठे बापूरावांचे नाव गाजत होते. हे बापूराव जातीने ब्राह्मण, आडनावाने कुलकर्णी. पण दप्तर बाजूला ठेवून त्यांनी फड जवळ केला. कुलकर्ण्याच्या दप्तराने आमचे कधी भले केले नाही. म्हणून एका तरी कुलकर्ण्याने ते खाली ठेवले याचे पणजोबांना मोठे कौतुक! त्यांच्या बापाने मात्र त्यांना या नादापायी गोठ्यात बांधून ठेवले होते.

पुढे १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट निघाला. तो गावोगावच्या तंबूंतून फिरू लागला, तेव्हा आमचे आजोबा तो पाहण्यास गेले. साक्षात तुकोबा दिसणार म्हणून त्यांनी पायताण तंबूबाहेर काढून ठेवले. शेवटी तुकोबा वैकुंठास गेलेले पाहून डोळे पुसत बाहेर येतात तो पायताणही कोणी वैकुंठास नेलेले! घरी आल्यावर पणजोबांनी त्यांना चोपले, आणि म्हणाले, "पडद्यावरची सावली बघायला पैसे देतोस? करमणूक म्हणावी ती तमाशाची!"

१९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला. आमचे वडील सायकलवर टांग टाकून तालुक्याला गेले व रात्री उशिरा परतले. आजोबा दारात काठी घेऊन उभे. म्हणाले, "सिनेमा असावा तर तुकारामाचा! हे काय चावट सोंग!"

मग आमची पाळी आली. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले. गावात दूरदर्शनचा डबा एकच, आणि तो सावकाराच्या माजघरात. सोयरेधायरे आत सतरंजीवर, आणि आम्ही कुळांची पोरे बाहेर ओट्यावर. खिडकीची एक फळी कायमची बंद असल्याने आम्हाला पडदा अर्धाच दिसे. दहा तोंडांच्या रावणाची पाचच तोंडे आमच्या वाट्याला आली. तरी त्या पाचांसाठी आम्ही दर रविवारी गुरे सोडायचे विसरत असू, आणि दर रविवारी मार खात असू. वडील म्हणत, "करमणूक करून घ्यावी तर दादा कोंडक्यांची! हा डबा तुमचे वाटोळे करणार."

असे हे चार पिढ्यांचे मार खाल्लेले शरीर घेऊन आम्ही वर्गात उभे राहतो व मुलांना सांगतो, "आमच्या वेळी असली थेरे नव्हती!" थेरे होतीच. फक्त त्या वेळी छडी दुसऱ्याच्या हातात होती.

तेव्हा "जुनी करमणूक सोज्वळ व नवी वाईट" हे म्हाताऱ्यांचे शास्त्र आम्ही मोडीत काढतो. मग काय सगळेच बरे? नाही. येथेच आमचे खरे म्हणणे सुरू होते.

त्या रात्री फोनात आम्ही पुष्कळ पाहिले. कोणी स्वयंपाक करीत होता, कोणी नाचत होता, आणि कोणी नाचत स्वयंपाक करीत होता. मग एक शेतकरी आला. शेतकरी म्हणजे शहरातला एक गुळगुळीत जवान, फाटके धोतर नेसलेला, फेटा तिरका बांधलेला. तो मोठ्या दुकानात जातो, सरकत्या जिन्याला नमस्कार करतो, काचेच्या दाराला कपाळ आपटतो, आणि लुगडे नेसलेली त्याची बायको हंबरडा फोडते. मागून हसण्याचा आवाज येतो. आम्हीही हसलो. इतके हसलो की बाज गदागदा हलली. नुकताच तिला नवा पाय बसवून घेतला होता म्हणून मोडली नाही एवढेच. आणि हसता हसता एकदम घशात अडकले. अरे, हा फेटा तर आमच्या बापाचा! हे लुगडे आमच्या आईचे! आमच्याच घरच्या माणसांवर आम्ही आमच्याच बाजेवर लोळून हसत होतो.

वाचकहो, हसणे वाईट नाही. पण हसणे म्हणजे पाटाचे पाणी. ते कोणाच्या शेतात वळविले आहे हे पाहावे लागते.

महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक कुणबी व त्याची गरोदर बायको आहेत, आणि ग्रहांचे भय घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे. त्यात एक विदूषकही आहे. हा विदूषक कुणब्याच्या अडाणीपणाची नुसती टवाळी करून थांबत नाही. तो लुबाडणाऱ्याचे कपट उघडे पाडतो. शेवटी नवराबायको शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेची वाट धरतात. जुन्या तमाशातला सोंगाड्या पाहा. गण झाला, गवळण झाली, वग सुरू झाला की हा राजाच्या तोंडावर राजाची व प्रधानाच्या तोंडावर प्रधानाची फजिती करतो. ज्या पाटलापुढे दिवसा मान वर करण्याची सोय नाही, त्याच्याच वाड्यापुढे रात्री त्याच्यावर हसण्याची सोय तमाशाने करून दिली. म्हणून तर सत्यशोधकांनी तमाशा शिव्या देऊन टाकून दिला नाही. त्याचीच चाल घेऊन जलसे उभे केले, आणि सावकारी, भिक्षुकी व अडाणीपणा यांवर गावेच्या गावे जागी केली.

चित्रपटाचेही तेच. कोल्हापुरास कारागिराच्या घरात जन्मलेले बाबूराव मेस्त्री, ज्यांना जग बाबूराव पेंटर म्हणते, त्यांनी चित्रपट काढण्याचा कॅमेरा स्वतः खटपट करून बनविला. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकरी झाले होते तरुण शांताराम, जे पुढे व्ही. शांताराम म्हणून गाजले. त्या पडद्यावरही धोतर फाटकेच होते, पण ते का फाटले हेही त्याच पडद्यावर दिसत होते. आमच्या फोनातल्या शेतकऱ्याचे धोतर नुसतेच फाटलेले असते. ते कोणी फाडले, हे विचारायला त्या अर्ध्या मिनिटात वेळ नाही.

आणि हे फुकट आहे असे कोणी समजू नये. तंबूत तिकीट लागत असे, येथे लागत नाही. कारण येथे विकला जाणारा माल आपणच आहोत. आपण जितका वेळ पाहत बसू तितक्या जाहिराती आपल्या डोळ्यांपुढून जातात, आणि पैसा कंपनीला मिळतो. हे सर्व बंद करा, असे म्हणून भागणार नाही. २०२० साली सरकारने टिकटॉकचे दुकान बंद केले, तर महिना लोटण्याच्या आत रील्सचे दुकान उघडले. गिऱ्हाईकाला दुसऱ्या दुकानापर्यंत चालत जाण्याचीसुद्धा तसदी पडली नाही.

असो. आता चौकशीचा शेवट. रात्रीचा दीड वाजत आला असता त्या फोनात खुद्द आमच्या गावचा सुतार दिसला. नातवाने आजाचेच चित्र घेतले होते. म्हातारा अंगणात बसून वाकस चालवतो आहे, समोर एक उलटी बाज, तिला नवा पाय बसतो आहे. पोरगा मागून विचारतो,

"आबा, बाज कुणाची?"

"गुरुजींची."

"मजुरी मिळाली का?"

"पगार झाला की देतो म्हणाले."

"पगार कधी होतो?"

म्हातारा वाकस खाली ठेवतो, टोपी मागे सारून डोके खाजवतो, आणि अगदी गंभीरपणे म्हणतो, "महिन्याच्या महिन्याला होतो म्हणं. आता ज्येष्ठ, आषाढ, श्रावण... हा कुठला महिना धरतात ते शिकल्याल्या माणसालाच ठावं."

खाली आकडा होता. चारशे बारा जणांनी ते पाहिले होते. म्हणजे आमच्या गावात ते न पाहिलेला माणूस एकच उरला होता, आणि तो त्या क्षणी त्याच बाजेवर निजला होता.

वाचकहो, आम्ही वर्गात 'श्रमाची प्रतिष्ठा' या विषयावर निबंध घालतो. सावकाराच्या ओट्यावरून अर्धा रावण पाहिलेले आम्ही, सुताराचे साडेतीनशे रुपये तीन महिने बुडवून बसलो होतो! सावकारी पाश, सावकारी पाश म्हणतात तो हाच, फक्त आमच्या मापाचा. पहिल्याने राग आला. मग लाज वाटली. मग मात्र असे हसू लोटले की कुटुंब उठून बाहेर आले. त्यांनीही ते पाहिले व म्हणाल्या, "पोरगं हुशार आहे. तुमचाच विद्यार्थी ना?"

सकाळी आम्ही सुताराच्या दारात गेलो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात साडेतीनशे रुपये. म्हाताऱ्याने पैसे कपाळाला लावून घेतले. पोराने फोन घेतला व चटकन मागे सरकून आमचे चित्र घेण्यास सुरुवात केली. हेही आता कितीजणांनी पाहिले असेल, त्याची चौकशी आम्ही करीत नाही.

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे. हत्यार वाईट नसते. वाकसाने पाय तुटतो आणि वाकसानेच बाजेचा पाय घडतो. ज्या पोराच्या हातात आम्हाला केवळ रिकामपण दिसले, त्या पोराने एका मिनिटात सोंगाड्याचे काम केले. जो देणेकरी होता त्याच्यावर गाव हसविले, आणि आजाची मजुरी वसूल करून दिली. आमच्या छडीने इतक्या वर्षांत इतका हिशेब शिकविला नव्हता.

म्हणून वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती की, पोरगे हसताना दिसले तर "काय दात काढतोस?" असे विचारू नका. "कोणावर हसतोस?" असे विचारा. गरिबाच्या फेट्यावर हसत असेल तर जवळ बसवून समजावा. गरिबाला नाडणाऱ्यावर हसत असेल, तर तुम्हीही हसा. तो नाडणारा तुम्हीच निघालात, तर आधी देणे द्या व मग हसा.

दुसरी गोष्ट मजुरीची. जो हसवतो, नाचतो, गातो, त्याचीही ती मजुरीच आहे. विठाबाई नारायणगावकरांचा १९५७ साली व पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा घरात गरिबी होती. उभ्या महाराष्ट्राने शिट्या मारल्या, पण शिट्ट्यांवर चूल पेटत नाही. गावच्या जत्रेत फड आणला, तर ठरलेली सुपारी तंबू उतरण्याच्या आधी मोजून द्यावी. आणि लग्नात कर्ज काढून कर्ण्यांची भिंत उभी करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावण्यास सन २००० च्या नियमांनी बंदी आहे. कर्जाच्या व्याजाला मात्र रात्री दहानंतरही बंदी नाही. ते पहाटेपर्यंत वाजतच असते.

आमची गोष्ट संपली. सुताराचा नातू आता नवे चित्र घेणार असल्याचे ऐकतो. गावात ज्यांची ज्यांची कुंभाराकडे, लोहाराकडे, चांभाराकडे बाकी असेल, त्यांनी ती लवकर चुकती करावी हे बरे. आम्ही आमच्यापुरते मोकळे झालो आहोत, आणि पुढचा खेळ पाहण्यास पहिल्या रांगेत बसणार आहोत.

— एक खेडवळ मास्तर