जाळी कोणासाठी?

पीक दाण्यावर आले की सत्तरी, सांगे, काणकोण ह्या डोंगराळ भागांतील शेतकऱ्याची रात्र माचावर जाते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली जाहीर झाली. त्यांच्या हद्दी कागदावर आखल्या गेल्या. त्या सांबराला नि भेकराला कोण वाचून दाखवणार? जनावर कोवळ्या पाल्यामागे येते आणि बागायतदार जाळीच्या दुकानात जातो.

प्लास्टिकच्या जाळीबद्दल आमची तक्रार नाही. ती हलकी असते, गंजत नाही, गुंडाळी खांद्यावर टाकून डोंगर चढता येतो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांपासून बागा राखण्यासाठी ती पुष्कळ वापरली जाते. मात्र तेथे ती साडेसात-आठ फूट उंच बांधतात, वर तार ओढतात आणि खालची कड बाहेरच्या बाजूस दुमडून खुंट्यांनी जमिनीला जखडतात. कारण हरीण उडी मारण्यापूर्वी खालून घुसण्याची वाट शोधते. काळी जाळी रात्री दिसत नाही म्हणून आरंभी पांढऱ्या चिंध्याही बांधतात. आमच्याकडे चार-पाच फुटांची जाळी झाडांना बांधली की काम झाले असे मानले जाते. उन्हाला तोंड द्यायचे तर प्लास्टिकात काजळी मिसळलेली असावी लागते. ती नसलेली स्वस्त जाळी थोड्याच उन्हाळ्यांत ठिसूळ होते, आणि तिचे तुकडे पावसात वाहून ओहोळात जातात.

परंतु मुख्य प्रश्न जनावर कोणते, हा आहे. रानडुक्कर ही जाळी मुसंडीने फाडते. गवा तर आमच्या राज्याचा मानाचा प्राणी. मोठा नर हजार किलोंच्या घरात जातो, त्याला जाळी ती काय! तेथे सौरकुंपणच हवे. तारेत घरची वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मेली आहेत. चोर कोण हे ओळखणे फारसे कठीण नाही. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून त्याने खाल्लेला कोंब ओरबाडल्यासारखा दिसतो. सशाने खाल्लेला सुरीने कापल्यासारखा. डुकराने जमीन उकरलेली असते.

किनाऱ्यावरून आणलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्यांविषयी आम्हांस थोडे परखड बोलावेच लागेल. फुकट मिळतात, म्हणून त्या परसांभोवती लावल्या जातात. त्यांच्या सैल धाग्यात सांबराची शिंगे गुंततात, धामण अडकून मरते, आणि धामण मेली की उंदीर माजतात. काजूच्या बागांत आणखी एक धोका आहे: फाल्गुन-चैत्रात वणवा लागला की प्लास्टिक वितळते, आणि कुंपण एका दुपारी नाहीसे होते.

कृषी खाते कुंपणासाठी अर्थसाहाय्य देते, हे स्वागतार्ह आहे. ते मंजूर करण्यापूर्वी कृषी अधिकारी आणि वनरक्षक ह्यांनी एकत्र शेतावर जाऊन पावले पाहावीत, एवढी अपेक्षा गैर नाही. नाहीतर डुकरासाठी हरणाची जाळी लागेल, पुढच्या वर्षी शेत पडीक राहील. पडीक जमिनीवर कोणाची नजर असते, हे गोमंतकीय वाचकास सांगण्याची गरज नाही.

दुसरी सूचना सामायिक कुंपणाची. एकमेकांस लागून असलेली चार सारखी चौरस शेते घ्या. चौघांनी निरनिराळी कुंपणे घातली तर जितकी जाळी लागते, तिच्या निम्म्यात चौघांचे मिळून एक कुंपण होते. उरलेल्या पैशात खांब भक्कम येतात. साहाय्य एकेकट्या अर्जदारास न देता अशा गटांना प्राधान्याने द्यावे, आणि ओहोळाकडे जाणारी जनावरांची जुनी वाट कुंपणाबाहेर मोकळी ठेवण्याची अट त्यात घालावी. ती वाट कोठून जाते हे गावातील वृद्ध गुराख्यांना ठाऊक असते. खात्याने आधी त्यांना विचारावे.