उतारा पटला नाही म्हणून उत्तर चुकवू नका

चौकात, विहारात, मोबाईलवर दिवसरात्र वाद घालणारी आपली पोरं 'क्लॅट'च्या लॉजिकल रिझनिंगमध्ये गुण घालवतात. का?

इंग्रजी हे एक कारण आहेच. महाराष्ट्राची विधी सीईटी मराठीत देता येते. पण मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी लागणारी क्लॅट फक्त इंग्रजीत! त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण दुसरं कारण आपल्याच हातात आहे: आपण उताऱ्याला उत्तर देत नाही, उतारा लिहिणाऱ्याला देतो.

समजा उतारा म्हणतो, 'प्रगत समाजाला श्रमविभागणी लागते. जातिव्यवस्था ही श्रमविभागणीच आहे. म्हणून ती समाजाची गरज भागवते.' हा युक्तिवाद कशाने सर्वात दुबळा होईल? आपला पोरगा संतापतो आणि 'जातीमुळे अत्याचार झाले' या पर्यायावर खूण करतो. विधान शंभर टक्के खरं, पण उत्तर चूक. निष्कर्ष ज्या दुसऱ्या वाक्यावर उभा आहे, त्याला त्याने हातच लावला नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमकं तेच वाक्य धरलं. जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे. माणसाची कुवत किंवा आवड न पाहता जन्मावरून लादलेली. पायच गेला, मग निष्कर्ष कशावर उभा राहणार?

गृहीतक विचारलं तर पर्याय उलटा करून पाहा. 'कमी गुणांवर प्रवेश दिल्याने वकिलीचा दर्जा घसरतो' हे आपण रोज ऐकतो. यात न बोललेलं काय? प्रवेशाच्या गुणांवरून पुढची वकिली ठरते, हे. ते उलटं करा, 'प्रवेशाच्या गुणांवरून वकिली ठरत नाही', की सगळा डोलारा कोसळतो. म्हणजे गृहीतक तेच. (आरक्षणविरोधकाला चहाच्या टपरीवरही हाच प्रश्न विचारून पाहा.)

'उताऱ्यावरून काय अनुमान निघतं?' या प्रश्नात मात्र स्वतःचं ज्ञान बाहेर ठेवायचं. उतारा 'काही' म्हणत असेल आणि पर्याय 'सर्व', तर तो गेला. १२० मिनिटांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. तिथे भांडत बसायला वेळ नाही.

आमची सूचना साधी आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी आपल्याविरुद्ध लिहिलेला एक अग्रलेख घ्या. आधी त्याचा निष्कर्ष एका ओळीत लिहा, लेखकालाही मान्य होईल असा. मग आधार शोधा. शिव्या द्यायच्याच असतील, तर त्यानंतर.