अँटिऑक्सिडंटचा डबा आणि आपली शुगर-बीपी

वर्षावासातले ग्रंथवाचन संपले की विहाराबाहेर हल्ली एखादी पिशवी उघडते. आत हजार-दोन हजारांचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’. शुगर, बीपी, हार्ट, सगळ्यांवर एकच. विकणारे आपलेच दादा-ताई, त्यामुळे नाही म्हणवत नाही. माझे मत स्पष्ट आहे, घेऊ नका.

त्यांच्या बोलण्यात थोडे खरे असते. अन्नापासून शक्ती तयार होताना शरीरात काही उपद्रवी कण निर्माण होतात. बिडी-तंबाखू आणि वाढलेली शुगर त्यांना वाढवतात. रक्तातली चरबी त्यांच्यामुळे बिघडली की ती रक्तवाहिनीच्या भिंतीत साचते, सूज येते, वाट अरुंद होते. या कणांना आवरतात ते अँटिऑक्सिडंट. मग कॅप्सूल घेतली की झाले, असे शास्त्रज्ञांनाही वाटले होते.

पण त्यांनी तपासून पाहिले. ब्रिटनमध्ये हृदयविकार, मधुमेह असे आजार असलेल्या २०,५३६ लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षे रोज ई आणि सी जीवनसत्त्व व बीटा कॅरोटीन दिले, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. २००२ साली निकाल आला. अटॅक, लकवा, मृत्यू, कशातच फरक नाही. त्याच लोकांवर कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन ही गोळीही तपासली होती. तिने अटॅक आणि लकवा सुमारे चौथ्या हिश्शाने कमी केले. फिनलंडमध्ये तर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त झाला.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. कॅप्सूलच्या डब्याला त्यातून सूट आहे का?

पैसे जातात ते जातातच. मला जास्त भीती वाटते ती ‘आता नैसर्गिक घेतोय’ म्हणून बीपीची गोळी बंद करणाऱ्यांची. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. आज ३० वर्षांपुढच्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, गोळ्याही तिथेच मिळतात. रांग लागते, अर्धा रोज बुडतो, हे खरे. तरी डब्यापेक्षा स्वस्तच.

आवळा, पेरू, शेवग्याचा पाला यांत हेच घटक असतात, शिवाय चोथा. रात्री नऊला कामावरून येणाऱ्या बाईला ‘पालेभाजी खा’ सांगणे सोपे आहे, म्हणून निवडायचे काम घरातल्या पुरुषांनी करावे.

डबा आधीच आणला असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, आणि चालू गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.