मोरीतून मैला उलटतो तेव्हा

सोलापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो. न्हाणीत मैलापाणी उलटण्याचा धोकाही याच दिवसांत अधिक. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावात तळघर सहसा कोणी खोदत नाही, पण घरे आपोआप तळघरासारखी होतात. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नाहीतर सिमेंटचा नवा थर चढतो, उंबरा आहे तिथेच राहतो आणि मागची न्हाणी रस्त्याच्या पातळीखाली जाते. टाकी तुंबली की पाणी सर्वांत खालचे तोंड शोधते. ते तोंड म्हणजे न्हाणीची मोरी.

एकाच संडासाचे पाणी हळू उतरत असेल तर दोष बहुधा पाइपात असतो. सगळीकडचे पाणी एकदम थांबले आणि मोरीतून बुडबुडे येऊ लागले, तर सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा भरला आहे असे समजावे. काळी माती पावसात फुगते आणि पाणी मुरू देत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ठीक चाललेला शोषखड्डा सप्टेंबरात हात टेकतो. अशा वेळी नुसती टाकी उपसली तर ती चार दिवसांत पुन्हा भरते.

घरोघरी यावरचा पहिला उपाय म्हणजे अ‍ॅसिडची बाटली. तो घातक आहे. मैल्यातील सल्फाइडवर अ‍ॅसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू. शिवाय टाकीत मैला कुजवणारे जिवाणू मरतात ते वेगळेच.

दुसरा उपाय याहून वाईट. माणूस बोलावायचा, झाकण उघडायचे आणि त्याला आत उतरवायचे. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो आणि काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मे 2023 मध्ये एका सेप्टिक टाकीच्या सफाईत पाच कामगार दगावले. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूपुढे काहीच कामाचा नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारात मृत्यू झाल्यास भरपाई 30 लाख रुपये केली. तरी आत उतरणारा कोणत्या समाजातला असतो, हे गावात कोणाला विचारावे लागत नाही.

पाणी उलटल्यावर करायचे ते साधे आहे. घरातला पाण्याचा वापर थांबवावा, न्हाणीतली वीज बंद करावी, मुले आणि गरोदर बाई यांना लांब ठेवावे. मैलापाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. टाकी माणसाकडून नव्हे, मैला उपसणाऱ्या गाडीकडून रिकामी करून घ्यावी. मग गमबूट आणि रबरी हातमोजे घालून घाण काढावी, फरशी साबणाने घासावी आणि शेवटी लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे. भिजलेले धान्य टाकूनच द्यावे, जीव कितीही तुटला तरी.

खरी काळजी विहिरीची आणि बोअरची. टाकीपासून विहीर किमान 15 मीटर दूर हवी असे सांगतात. पण इथला खडक बेसाल्टचा, त्याच्या भेगांतून मैलापाणी किती लांब जाईल याचा भरवसा नाही. वळसंगच्या दलित वस्तीने स्वकष्टाने खणलेल्या विहिरीचे पाणी 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राशन केले होते. पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे या गावाला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. पाणी उलटलेल्या घराच्या आसपासच्या विहिरींची ओटी चाचणी ग्रामपंचायतीने रोज करावी आणि नळाचे पाणीही उकळूनच प्यावे.

मात्र टाकी तुंबण्याची वाट पाहणे हाच मुळात चुकीचा कारभार आहे. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, आणि बहुतेक घरांत ती बांधल्या दिवसापासून कोणी उघडलेली नसते. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी यावर मार्ग काढला. गाडी वॉर्डावॉर्डाने ठरलेल्या वेळी येते, साधारण तीन वर्षांत प्रत्येक टाकी उपसली जाते, खर्च करातून भागतो, आणि मैला ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. एकट्या ग्रामपंचायतीला गाडी घेणे परवडणार नाही हे खरे. पण अक्कलकोट रस्त्यावरच्या आठ-दहा गावांना मिळून एक गाडी परवडेल. जिल्हा परिषदेने त्यासाठी पुढाकार घ्यावा आणि मैला कुठे रिता करायचा ते आधी ठरवावे. त्याची पहिली पायरी म्हणजे कोणाच्या घरी कसली टाकी आहे, झाकण कुठे आहे आणि ती शेवटची कधी उपसली, याची नोंदवही. ती या उन्हाळ्यातच करता येईल, घरपट्टीची पावती द्यायला कर्मचारी दारात जातोच.