बंधाऱ्याआधी वाळूचा हिशेब

पावसाळा ओसरला की कोकणातल्या गावागावांतून एकच मागणी येते: धूपप्रतिबंधक बंधारा द्या. माड उन्मळलेले असतात, उधाणाचे पाणी पडवीला लागलेले असते. ही भीती खरी आहे. घरे आणि रस्ता वाचवायला दुसरा उपाय उरला नसेल तिथे दगड टाकावेच लागतील. पण त्याआधी मद्रासकडे बघा.

१८७६ मध्ये तिथे बंदरासाठी समुद्रात भिंती घालायला सुरुवात झाली. १८८१ च्या वादळाने त्या मोडल्या, इंग्रजांनी पुन्हा उभारल्या. त्या किनाऱ्याने वाळू वर्षभरात एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. भिंतींनी तिची वाट अडवली. दक्षिणेला वाळू साचून मरीना चौपाटी रुंदावली आणि उत्तरेला रॉयपुरमचा किनारा समुद्राने खाल्ला. पुढे शंभर वर्षांनी पुदुच्चेरीच्या बंदराने तेच केले. शहरापुढची पुळण गेली, मग किनाऱ्याला दगड रचले, तर धूप उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली.

दगडांची रास लाट मोडते ती फटींमुळे. पाणी फटींत शिरते, घुसळते, जोर हरवून बसते. तरी उरलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. मग दगड खचतात आणि त्यांवर नवी भर घालावी लागते. किनाऱ्यापासून दूर, पाण्यातच बांध घातला तर त्याच्या आडोशाला वाळू साचते. पण तीही कुणाच्या तरी वाट्याची असते.

आमच्याकडे पुळणीवर रापणीची जाळी ओढतात, होड्या चढवतात, वेळाससारख्या गावात कासवे अंडी घालतात. दगडांवर यातले काहीच होत नाही. किनारा वाचला आणि रापण बंद पडली, तर गावाचे काय वाचले?

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लाटांच्या प्रतिकृती करून अभ्यास होतो. प्रत्येक बंधाऱ्याआधी तो व्हावा, त्यात वाळू कुठून येते नि कुठे जाते हे मोजावे आणि तो अहवाल मराठीत शेजारच्या गावाच्या ग्रामसभेपुढेही ठेवावा, कारण फटका त्यांना बसणार आहे. बंदरांच्या गाळातून निघणारी स्वच्छ वाळू झिजलेल्या पुळणीवर टाकावी. आणि खाडीतला बेकायदा वाळूउपसा आजच थांबवावा. त्याला कुठल्याही अभ्यासाची गरज नाही.